हसू कुणाकडून आलं?



१८९४ सालची गोष्ट. लंडनजवळ ऑल्डरशॉट नावाचं लष्करी छावणीचं गाव आहे. तिथल्या 'कँटीन' नावाच्या नाट्यगृहात प्रेक्षक म्हणजे बहुतेक सगळे सोल्जर, आणि तेही दंगेखोर. लिली हार्ली या नावाने गाणारी एक तरुण बाई रंगमंचावर होती आणि गाता गाता तिचा आवाज फाटला. आधी खसखस पिकली, मग हुर्यो सुरू झाली. बाई आत आली, व्यवस्थापकाशी तिची बाचाबाची झाली. विंगेत तिचा पाच वर्षांचा मुलगा उभा होता. त्याला घरी माणसांपुढे काहीबाही म्हणून दाखवताना व्यवस्थापकाने पाहिलं होतं. त्याने पोराचा हात धरला, त्याला पुढे आणलं आणि तिथेच सोडून दिलं.

पोराने त्या वेळचं एक चालू गाणं म्हटलं. नाणी पडायला लागली. त्याने गाणं अर्ध्यावर थांबवलं आणि जाहीर केलं की आधी पैसे गोळा करतो, मग उरलेलं गातो. हशा झाला. व्यवस्थापक रुमाल घेऊन नाणी वेचू लागला, तेव्हा पोराला वाटलं की हा आपले पैसे लांबवणार. तो त्याच्या मागोमाग विंगेपर्यंत गेला आणि रक्कम आईच्या हाती पडल्याचं पाहूनच परतला. पुन्हा हशा. मग तो रंगात आला. त्याने नकला केल्या, आईचं एक गाणं धरलं, आणि ध्रुपदाशी येताच तिचा आवाज जसा फाटतो तसा आपलाही फाडला. त्यात खोडसाळपणा काही नव्हता, त्याला ते गाणं तसंच ठाऊक होतं. प्रेक्षकांनी सर्वांत जास्त दाद तिथे दिली.

तो मुलगा चार्ली चॅप्लिन. ही हकीकत त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितली आहे. पुस्तक निघालं १९६४ साली, तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा घडला असेल, असं मानायचं कारण नाही. उभा जन्म गोष्टी रचण्यात घालवलेल्या माणसाने ही गोष्टही थोडी घासूनपुसून घेतली असणार. तरी तिच्यात जे आहे ते काढून टाकता येत नाही. आईचा आवाज जाणं म्हणजे त्या घरातलं अन्न जाणं. मुलाला मिळालेला पहिला मोठा हशा नेमका त्या जाण्याच्या नकलेला होता. आईची कारकीर्द पुढे सावरली नाही.

व्याख्यानाचा विषय आहे विनोदवीरांची आत्मचरित्रं आणि त्यांतलं घरचं मरण. या विषयावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. दुःखातूनच विनोद जन्मतो, हसवणाऱ्याच्या पोटात रडू असतं, वगैरे. चॅप्लिनवरच्या भा. द. खेरांच्या पुस्तकाचं नावच 'हसरे दुःख', आणि ते मराठी वाचकाच्या इतकं तोंडी बसलंय की चॅप्लिनबद्दल त्यापलीकडे काही विचारायचं राहून जातं. पाठराखणीच्या मजकुरात, सत्काराच्या भाषणात, श्रद्धांजलीच्या लेखात हेच वाक्य कपडे बदलून येतं.

ते खोटं आहे असं नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. १८९६ साली चार्ली आणि त्याचा थोरला सावत्र भाऊ सिडनी आईबरोबर लॅम्बेथच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात गेले. 'वर्कहाउस' म्हणत त्याला. तिथून मुलांची रवानगी हॅनवेलच्या शाळेत झाली. तिथे दर शुक्रवारी मुलांना फटके देण्याचा कार्यक्रम असे. चार्लीला नायटा झाला तेव्हा त्याचं डोकं भादरून त्यावर आयोडीन फासलं गेलं. हे सगळं त्या शाळेतल्या इतर शेकडो पोरांनीही भोगलं. त्यांच्यापैकी कुणाचे आईबाप मेलेले, कुणाचे तुरुंगात, कुणाचे दारूत बुडालेले. दुःखच विनोद घडवत असतं, तर हॅनवेलमधून पलटणभर चॅप्लिन बाहेर पडायला हवे होते.

आपल्या दादा कोंडक्यांचंच पाहा. एका वर्षात घरातली अनेक माणसं गेली, वर्षभर कुणाशी धड बोलणं नाही की जेवण नाही, आणि मग लोकांना हसवायचं ठरवलं, असं दादांनीच सांगून ठेवलं आहे. त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण ठरवणं निराळं आणि जमणं निराळं. जमलं ते गिरणगावातल्या चाळींनी कानावर घातलेल्या बोलीमुळे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकामुळे, वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'च्या शेकडो प्रयोगांमुळे. दुःखाने फार तर माणसाला उंबऱ्याबाहेर ढकललं. चालायला त्याला आधीच कुणीतरी शिकवलेलं होतं.

तर मग आत्मचरित्र वाचताना विचारायचा प्रश्न बदलतो. या माणसाने काय गमावलं, हे तर पुस्तक सांगतंच. त्याला हसवायला कुणी शिकवलं, हे शोधावं लागतं. आणि गंमत अशी की चांगल्या आत्मचरित्रांत या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात बहुधा एकाच माणसाचं नाव निघतं.

चॅप्लिनच्या बाबतीत ते नाव हॅना. रंगमंचावरची लिली हार्ली ती हीच. काम सुटल्यावर ती भाड्याच्या खोलीत शिवणकाम करायची आणि खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांचे अर्थ लावायची. अमुक माणूस बूट न पुसता, तोंड पाडून चाललाय, म्हणजे सकाळी बायकोशी भांडलाय आणि उपाशीच निघालाय. तेवढ्यावर न थांबता ती त्याची चाल, त्याची मान, त्याचा चेहरा करून दाखवायची. मूकाभिनयात आपण जे काही केलं ते आईमुळे, असं चॅप्लिन पुढे वारंवार सांगत राहिला. काठी, टोपी आणि ढगळ विजार हे नंतरचं सामान. माणसाच्या बुटांवरून त्याच्या घरची हकीकत ओळखायची विद्या त्या खिडकीतली.

हॅनाचा विनोद फक्त नकलेत नव्हता. वर्कहाउसमध्ये असताना तिने एकदा अर्ज केला की आपल्याला आणि मुलांना सोडा. नियमाप्रमाणे कपडे परत मिळाले, वाफेच्या यंत्रातून काढलेले आणि चुरगळलेले. सिडनीकडे नऊ पेन्स होते. तिघांनी पावशेर काळ्या चेरी घेतल्या आणि केनिंग्टन पार्कमध्ये सकाळ घालवली. वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळला आणि चेंडू चेंडू खेळले. दुपार सरत आली तशी हॅना म्हणाली की निघू या, चहाच्या वेळेपर्यंत पोहोचू. आणि तिघं पुन्हा वर्कहाउसच्या दारात हजर! अधिकारी भडकले, कारण सगळे सोपस्कार आणि कपड्यांची वाफ पुन्हा पहिल्यापासून. सरकारी नियमाच्या फटीतून एक दिवस असा काढून घेणाऱ्या बाईला बिचारी म्हणणं अवघड जातं. चॅप्लिनच्या चित्रपटांतला तो भटक्या, जो पोलिसाच्या नाकासमोर सभ्य गृहस्थासारखी टोपी उचलतो आणि पसार होतो, तो या दुपारचाच वंशज आहे.

यानंतर जे झालं ते सांगताना चॅप्लिन विनोद करत नाही. १९०१ मध्ये बाप गेला. तोही गायक, दारूने पोखरलेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. १९०३ मध्ये एके दिवशी चार्ली घराकडे येत असताना फाटकाशी खेळणाऱ्या मुलांनी त्याला सांगितलं की तुझी आई वेडी झालीय. ती दारोदार जाऊन दगडी कोळशाचे तुकडे वाटत होती, मुलांच्या वाढदिवसाच्या भेटी म्हणून. चौदा वर्षांच्या मुलाने तिला चालवत दवाखान्यात नेलं. तिथून तिची पाठवणी केन हिलच्या मनोरुग्णालयात झाली. तो भेटायला गेला तेव्हा तिने त्याला सांगितलं की त्या दुपारी मला कपभर चहा दिला असतास तर हे काही झालं नसतं. हे वेडाचं बोलणं की विनोदाचं, हे चॅप्लिनला त्या दिवशी कळलं नाही आणि पुस्तक लिहितानाही त्याने ते ठरवलेलं नाही. लेखक म्हणून त्याचा हा सर्वांत मोठा संयम.

जुलै १९१९ मध्ये त्याचा पहिला मुलगा नॉर्मन जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेला. आत्मचरित्रात त्याचा उल्लेख जेमतेम. पण त्यानंतर थोड्याच काळात 'द किड'चं काम सुरू झालं आणि १९२१ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. त्यात टाकून दिलेलं मूल आहे, माळ्यावरची खोली आहे आणि त्या मुलाला अनाथालयात न्यायला आलेली गाडी आहे. चित्रपटातलं मूल मात्र नॉर्मन वाटत नाही. काचा फोडत फिरणारा, धिरडी भाजणारा, पोलिसाला चुकवणारा तो पोरगा हा स्वतः चार्ली आहे, आणि त्याला सांभाळणारा फाटका माणूस मिशा लावलेली हॅना आहे. त्याच १९२१ साली चॅप्लिनने आईला अमेरिकेत आणलं. १९२८ मध्ये ती तिथेच वारली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. चॅप्लिनचं पुस्तक बालपण संपलं की घसरतं. पुढची शेकडो पानं बड्या लोकांच्या गाठीभेटींची वही होते. त्यात गांधीजी भेटतात, चर्चिल भेटतात, आइन्स्टाइन भेटतात. पण फ्रेड कार्नोच्या ज्या मंडळीतून १९१० मध्ये तो अमेरिकेला गेला, त्याच मंडळीतल्या स्टॅन लॉरेलचं नावसुद्धा येत नाही. लॉरेल म्हणजे पुढच्या लॉरेल-हार्डी जोडीतला तो रडवेल्या चेहऱ्याचा. स्वतःचा गुरू आईमध्ये ओळखणाऱ्या माणसाला सोबती ओळखता आला नाही, किंवा ओळखायचा नव्हता. विनोदवीर मनाने उदार असतोच, हा आणखी एक लाडका गैरसमज यामुळे आपोआप निकालात निघतो.

हॅनाचं उदाहरण तसं सोपं आहे, कारण घर मोडलं ते तिच्या हातून नव्हे. तिच्यावर प्रेम करायला वाचकाला कष्ट पडत नाहीत. ज्याच्या हातून घर उद्ध्वस्त झालं त्याच्याचकडून हसू आलं असेल, तर काय करायचं? असं एक पुस्तक आहे, आणि ते अगदी अलीकडचं. अमेरिकेतली मॉली शॅनन 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात १९९५ ते २००१ अशी वर्षं काम करत होती. तिने शॉन विल्सी या लेखकाच्या साथीने लिहिलेलं 'हॅलो, मॉली!' हे आत्मकथन २०२२ मध्ये आलं.

१ जून १९६९. ओहायो राज्यातलं शॅनन कुटुंब एका पदवीदानाच्या मेजवानीहून मोटारने परत निघालं होतं. गाडी वडील जिम चालवत होते. मेजवानीत त्यांनी दारू घेतली होती आणि ते थकलेही होते. गाडी खांबावर आदळली. मॉलीची आई गेली, तीन वर्षांची धाकटी बहीण केटी गेली आणि पंचवीस वर्षांची मामे-चुलत नात्यातली बहीण गेली. चार वर्षांची मॉली आणि सहा वर्षांची मेरी वाचल्या. वडीलही वाचले, पण पायांनी अधू झाले. ते पुन्हा उभे राहीपर्यंत मुली नातेवाइकांकडे होत्या. मग क्लीव्हलंडजवळच्या शेकर हाइट्समध्ये या विधुराने दोन मुलींचा संसार एकट्याने चालवला.

इथे मराठी वाचक एका ठरावीक माणसाची वाट पाहू लागतो. अपराधाने खचलेला, मुलींकडे नजर वर करून न पाहणारा बाप. पुस्तकात येतो तो बाप भलताच आहे. त्याला संगीतिकांचं वेड, जूडी गारलंडचं वेड, खोड्यांचं वेड. मुलींनी धीट व्हावं म्हणून तो त्यांना पैजा लावतो. मॉली बारा-तेरा वर्षांची असताना त्याने तिला आणि तिच्या मैत्रिणीला डिवचलं की तिकीट न काढता विमानात बसून दाखवा. पोरी बॅलेच्या पोशाखात क्लीव्हलंडच्या विमानतळावर गेल्या, कुणाला तरी निरोप द्यायचाय असं सांगून न्यूयॉर्कच्या विमानात शिरल्या आणि रिकाम्या जागांवर दडून बसल्या. तेव्हा विमानतळावर आजच्यासारखी झडती नव्हती. विमान उडालं! उतरताना हवाई सुंदरीच्या सगळं ध्यानात आलेलं होतं, तरी तिने हसून निरोप दिला. न्यूयॉर्कमध्ये पोरींनी एका उपाहारगृहात खाल्लं आणि बिल न देता धूम ठोकली. मग बापाला फोन केला. बाप हादरला आणि खूशही झाला. त्याचं म्हणणं पडलं की परतीचाही प्रवास फुकट जमतो का पाहा. ते जमलं नाही, तेव्हा तिकिटं त्याने काढली, आणि ते पैसे मुलींच्या लहान मुलं सांभाळण्याच्या कमाईतून वसूल केले.

ही हकीकत वाचताना आधी हसू येतं आणि मग राग. ज्याच्या गाडीत एक मुलगी मेली, तो दुसरीला विमानात चोरून बसायला सांगतो? पुस्तकाची ताकद अशी की लेखिका वाचकाच्या रागाला अडवत नाही आणि त्याला चिथावतही नाही. बाप पुढे दारू सोडतो, पुन्हा घसरतो, ओरडतो, माफी मागतो. त्याच्या संतापाची प्रकरणं खोड्यांइतक्याच बारकाईने लिहिलेली आहेत. आणि तरी एवढं स्पष्ट होतं की परवानगी न मागता आत शिरायचं आणि चेहरा सरळ ठेवायचा, हे शिक्षण त्याचंच. लॉस एंजेलिसमध्ये काम मिळेना तेव्हा मॉली आणि तिचा एक मित्र नाटककार डेव्हिड मॅमेट यांच्या कार्यालयातून बोलतोय असं खोटंच सांगत आणि एकमेकांसाठी निर्मात्यांच्या भेटी ठरवत. क्लीव्हलंडच्या विमानतळावरची युक्ती, फक्त या वेळी टेलिफोनवर.

तिचं गाजलेलं पात्र मेरी कॅथरिन गॅलाघर न्यूयॉर्क विद्यापीठात शिकताना जन्मलं. कॅथलिक शाळेतली ही घाबरट पोरगी काखेत बोटं घालून हुंगते, खुर्च्यांवर कोसळते, भिंतींवर आपटते आणि उठून स्वतःला 'सुपरस्टार' जाहीर करते. आईवेगळ्या, सतत कुणाला तरी खूश करू पाहणाऱ्या आपल्याच लहानपणाला ताणून हे पात्र केलं, असं शॅनन सांगते. ते कोसळणं खोटं नव्हतं. प्रयोगानंतर अंगावर खरे वळ असत. १९९९ च्या 'सुपरस्टार' या चित्रपटात मेरी कॅथरिनला आजीने वाढवलेलं आहे. आईबापांना शार्कने खाल्लं असं आजी सांगते आणि खरा प्रकार त्याहून हास्यास्पद निघतो, ते आयरिश नाचाच्या नादात तुडवले गेले होते. पटकथा स्टीव्ह कोरेनची, पण आईचं मरण खरोखर सोसलेली नटी त्यात उभी आहे हे ठाऊक झाल्यावर तो विनोद पूर्वीसारखा पाहता येत नाही. चित्रपट बेताचाच आहे. ती एक जागा मात्र विसरता येत नाही.

आणि शेवटी बापाच्या आयुष्यातली बंद खोली. तो मृत्यूच्या जवळ आलेला असताना मॉलीने त्याला सरळ विचारलं की तुम्ही समलिंगी असाल असं कधी तुम्हाला वाटलं का. त्याने आढेवेढे न घेता होकार दिला. १९५०-६० च्या दशकातल्या कॅथलिक ओहायोत त्या माणसाने जन्मभर वेश घेतलेला होता. मुलीला वेश घ्यायला आणि तो निभवायला कुणी शिकवलं, याचं याहून नेमकं उत्तर कादंबरीकारालाही सुचलं नसतं. या प्रकरणात शॅननने अश्रूंचा पूर आणलेला नाही. बापाने खरं सांगितलं याचा तिला आनंद झाला, आणि तो आनंद पानावर उतरला आहे.

मराठी श्रोत्याला या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. लक्ष्मीबाई काही विनोदवीर नव्हत्या, पण 'स्मृतिचित्रे'चा आरंभ या सगळ्या पुस्तकांच्या आधीचा आणि त्यांच्या तोडीचा आहे. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धसक्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही, आणि त्या धुण्यात सगळ्या घराची फरफट. बाई हे सांगतात आणि वाचक खदखदून हसतो. फाशी आणि हसू यांच्यामध्ये एक भ्रमिष्ट बाप उभा आहे. लक्ष्मीबाईंनी त्याला माफही केलेलं नाही आणि फासावरही चढवलेलं नाही. १९३४ पासून हे पुस्तक मराठीत आहे. मॉली शॅननची इतकी तारीफ ऐकून कुणाला परकेपणा वाटला असेल, तर त्याने आधी ते पुन्हा उघडावं.

अमेरिकन विनोदवीर टिग नोटॅरोची गोष्ट आता बरीच पसरली आहे, तेव्हा थोडक्यात. २०१२ च्या वसंतात तिला न्यूमोनिया झाला, मग आतड्याचा जीवघेणा संसर्ग झाला. त्यातून उठते तोच आई घरात पडून डोक्याला मार लागल्याने गेली, प्रेमसंबंध तुटला आणि वर स्तनांचा कर्करोग निघाला. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या 'लार्गो' या छोट्या नाट्यगृहात तिने नेहमीच्या नमस्काराच्या सुरात कर्करोगाची बातमी देऊनच प्रयोग सुरू केला. आईच्या मृत्यूनंतर रुग्णालयाकडून आईच्याच नावे एक प्रश्नावली आली होती, आमच्याकडचा मुक्काम कसा वाटला, अशी. ती तिने वाचून दाखवली. मधेच तिने विचारलं की हे सोडून नेहमीचे विनोद करू का. प्रेक्षकांनी ओरडून नको म्हटलं. शेवटी तिने एक नेहमीचा विनोद केलाच, वाहतूककोंडीत अडकलेल्या मोटारीला मागे टाकणाऱ्या मधमाशीचा.

२०१६ मध्ये आलेल्या तिच्या 'आय'म जस्ट अ पर्सन' या पुस्तकात आई येते ती बेधडक, वात्रट, उशिरापर्यंत नाचणारी. कुणी मुलीला नावं ठेवली तर त्याला खुशाल खड्ड्यात जायला सांग, असं शिकवणारी. नोटॅरोचा शांत, सपाट स्वर तिचा नव्हे. तो शिस्तीच्या सावत्र बापाकडून आला असावा, अशी शंका पुस्तक वाचताना येते. त्या बापाला मुलीचा पेशा कधी कळला नव्हता. आई गेल्यावर त्याने कबूल केलं की आपण कोण आहोत हे मुलांनी आईबापांना पटवायचं नसतं, आईबापांनीच ते समजून घ्यायचं असतं. पुस्तकातला हा सर्वांत हलवून सोडणारा प्रसंग आहे, आणि त्यात एकही विनोद नाही.

या मांडणीला सर्वांत कठीण परीक्षा रॉब डिलेनीची. लंडनमध्ये राहणारा हा अमेरिकन 'कॅटॅस्ट्रॉफी' या मालिकेमुळे नावारूपाला आला. त्याच्या हेन्री नावाच्या मुलाला वर्षाचा असताना मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर श्वासासाठी गळ्यात नळी बसवावी लागली आणि बोलणं गेलं. घर मग 'मकाटोन' ही खुणांची भाषा शिकलं. जानेवारी २०१८ मध्ये हेन्री गेला, अडीच वर्षांचा. त्याच वर्षी डिलेनीने बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर झोपण्यापूर्वीची गोष्ट मकाटोनमध्ये सांगितली.

२०२२ मध्ये आलेल्या 'अ हार्ट दॅट वर्क्स'मध्ये मुलाच्या मरणातून विनोद सापडल्याचा दावा कुठेही नाही. त्यात आहे संताप. आपल्याला जे झालं ते वाचकालाही थोडं दुखावं, ही इच्छा तो लपवत नाही. डिलेनी व्यवसायाने आधीच विनोदवीर होता, त्यामुळे पानोपानी विनोद आहे. पण तो त्याच्या हाताची जुनी सवय म्हणून येतो, दुःखाची देणगी म्हणून नाही. बाप विनोदी होता, मूल मेलं, आणि तरी बाप विनोदीच राहिला. दुःखातूनच विनोद जन्मतो या वाक्याला याहून चोख उत्तर नाही.

विनोदी आत्मचरित्राच्या गुणवत्तेचा निवाडा करायचा तर तो इथेच होतो. जे पुस्तक मरणाला हशाचं भांडवल करतं, ते वर्षभरात रद्दीत जातं. विनोद कुणाचा होता, त्या माणसाचं बोलणं कसं, चाल कशी, खोटं बोलण्याची रीत कशी, हे जे पुस्तक लिहून ठेवतं, ते टिकतं. हॅना चॅप्लिनची खिडकी, जिम शॅननची पैज, नोटॅरोच्या आईचा वात्रटपणा हे सगळं दुसरीकडे कुठेही नोंदलेलं नाही. ही माणसं रंगभूमीच्या इतिहासात बसणारी नव्हेत. हॅनाला मुलगा नसता, तर लंडनच्या संगीतगृहांच्या जाहिरातींपलीकडे तिचं नाव उरलं नसतं.

आपल्याकडे हसवणाऱ्यांची आत्मचरित्रं मुळात थोडी, आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्याने शब्दांकित केलेली. दादांचं 'एकटा जीव' अनिता पाध्ये यांच्यामुळे कागदावर आलं, अशोक सराफांचं 'मी बहुरूपी' मीना कर्णिक यांच्यामुळे. ही कामं मोलाची आहेत. पण शब्दांकनाला बसणाऱ्या पुढच्या मंडळींना एक विनंती. गरिबीचा प्रश्न विचारा, अपयशाचा विचारा, घरातल्या मरणाचाही विचारा. पण त्यानंतर ध्वनिमुद्रण बंद करू नका. घरात नकला कोण करायचं, थापा कोण मारायचं, कुणाच्या बोलण्यावर सगळी चाळ हसायची, हेही विचारा. आणि आज दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत आणि स्टँड-अपच्या मंचावर जी तिशीतली मुलंमुली उभी आहेत, त्यांनी कुणी शब्दांकनाला येण्याची वाट न पाहता ते आताच लिहायला घ्यावं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची आई आज घरी आहे आणि विचारलं तर सांगेल.